ईदच्या शेवया आणि दोन पंचांगं

ईदच्या शेवया ईदला करत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारून बघा, मोहल्ल्यातल्या किंवा वाड्यातल्या. शेवया उन्हाळ्यात होतात. मार्चपर्यंत नवा गहू घरात येतो, एप्रिलमध्ये ऊन तापतं आणि पाठोपाठ शाळांना सुट्ट्या लागतात. धान्य, ऊन आणि मोकळे हात हे तिन्ही एकत्र मिळण्याचे वर्षातले तेवढेच दिवस. ईद मग जूनमध्ये असो की जानेवारीत, तिच्या शेवया याच दिवसांत वळून, वाळवून डब्यात जातात.

ही साधी गोष्ट लिहावीशी वाटली, त्याला कारण आहे. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका मित्रानं मला विचारलं होतं, ‘‘तुमच्या शेवया अरबस्तानातून आल्या ना रे?’’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमचा सण, आमचं खाणं, आमचं नाव असं सगळंच कुठून तरी ‘आलेलं’ असतं, हे त्यानं गृहीत धरलं होतं. तेव्हा मी हसून विषय बदलला. आता उत्तर द्यायचं तर ते उन्हाळ्यापासूनच द्यावं लागेल.

माळवदावरचा कारखाना

माझं आजोळ सेलूकडचं. तिथं घरावर मातीचं माळवद होतं आणि सुट्टीतले पंधरा-वीस दिवस ते माळवद म्हणजे कारखानाच असायचा. कुरडया, पापड, सांडगे, बाजरीच्या खारोड्या आणि या सगळ्यांच्या वरचढ शेवया. शेवयांना बन्सी गहू लागतो. कोरडवाहू जमिनीत, पावसानंतरच्या ओलीवर येणारा हा कडक दाण्याचा गहू. पोळीला तो तितका मऊ नाही, पण त्याच्या रव्याला असा ताण असतो की शेवई तुटत नाही. गहू ओलवून, मुरवून दळायचा, बारीक कापडातून चाळायचा आणि पीठ घट्ट भिजवून झाकून ठेवायचं. मग ते कुटून कुटून लोण्यासारखं करायचं. या कुटण्यात अर्धा जीव जातो.

नानीच्या तरुणपणी पाटावरच्या शेवया व्हायच्या. लांब पाट बाजेवर तिरपा ठेवायचा, त्यावर पिठाचा गोळा तळव्यानं रगडत न्यायचा आणि खाली उतरणारी बारीक तार दुसरीनं झेलायची. पुढं हातानं फिरवायचं लोखंडी मशीन आलं. आख्ख्या गल्लीत ते एक किंवा दोन. बाजेच्या लाकडाला आवळून बसवायचं, एकीनं पीठ दाबायचं, एकीनं दांडा फिरवायचा. काठीवर शेवया झेलून त्या दोरीवर नेऊन टाकणं हे आम्हा पोरांचं काम. काठी हलली की वरून आवाज यायचा, ‘‘नक्को रे, टूट जाती!’’ मशीनचा नंबर लागायचा आणि त्या नंबरात आडनावं बघितली जात नसत. सकाळी आमच्याकडं, दुपारी समोरच्या काकूंकडं.

ज्यांचे हात लहान, त्यांना बोटवे आणि गव्हले. पिठाची बारीक वळी दोन बोटांत फिरवली की गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला होतो, नखानं दाबली की नखुला. मुली त्यात पटाईत असायच्या. शेजारच्या घरात हेच गव्हले आणि नखुले लग्नाच्या रुखवतात मांडले जायचे, आमच्याकडं त्यांची दुधातली खीर व्हायची. पीठ तेच, ऊन तेच, बोटंही बहुधा तीच.

‘शीरखुर्मा’ हे नाव मात्र फारसी आहे. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. खजूर बाहेरूनच यायचा, आजही येतो. पण वाडग्यातलं दूध गावचं, शेवई गावच्या गव्हाची. मित्राला एवढंच सांगायचं राहिलं होतं.

चंद्र एक, हिशेब दोन

आता कोणी म्हणेल, ईदच्या आधी महिनाभर का करत नाहीत? कारण ईद ऋतूत थांबत नाही. हिजरी वर्ष बारा चांद्र महिन्यांचं, म्हणजे सुमारे 354 दिवसांचं. सौर वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडं सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येते. हिंदू पंचांगही चंद्रावरच चालतं, पण ते साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतं. अरबांमध्येही इस्लामपूर्व काळात महिने पुढं-मागं करण्याची रीत होती. कुरआनच्या सूरह तौबानं ती बंद केली.

दोन्ही पंचांगांचा चंद्र एकच असल्यानं एक गंमत होते. ईदचा चांद नेहमी अमावस्येनंतर एक-दोन दिवसांत दिसतो. दिवाळीचं लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला, पाडवा फाल्गुन अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळं ईद फिरत फिरत त्या महिन्याशी आली की दोन्ही सण एकमेकांच्या उंबऱ्यावर येतात. 2004, 2005 आणि 2006 ही सलग तीन वर्षं दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या आत आली होती. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 मार्चला ईद. त्या दिवशी अनेकांना हा योगायोग वाटला. तो योगायोग नाही, एकाच अमावस्येची ती दोन टोकं आहेत.

दादीला हे गणित माहीत नव्हतं, पण निष्कर्ष माहीत होता. ती म्हणायची, ‘‘चांद कब्बी बी आता, धूप सालकू एकीच बार आती.’’ सण चंद्राकडून घ्यायचा आणि काम सूर्याकडून. घराची ही दोन पंचांगं होती.

दख्खनला हे नवं नव्हतं

दादीचा हा तोडगा राज्यकर्त्यांना फार आधी काढावा लागला होता. सौर 32 वर्षांत हिजरी 33 वर्षं होतात. हिजरी सनानं सारा वसूल केला तर शेतकऱ्यानं 32 पिकांवर 33 वेळा सारा भरायचा, तोही कधी पीक उभं असताना, कधी पेरणीआधीच. म्हणून दख्खनमध्ये चौदाव्या शतकापासून सुहूर सन चालला. नावं अरबी, आकडे अरबी, पण वर्ष सुरू कधी व्हायचं? सूर्य मृग नक्षत्रात गेला की. त्यामुळं त्याला मृगसालही म्हणत. शिवकालीन आणि पेशवाईतली पत्रं उघडून बघा, वर तारखेत सलास, खमस, सित्त असे अरबी आकडे दिसतील. मराठ्यांच्या दप्तरानं हा सन परका म्हणून टाकून दिला नाही, कारण तो इथल्या पावसाशी बांधलेला होता.

उत्तरेत अकबराच्या काळात याच कारणासाठी फसली सन आला. फसल म्हणजे पीक; फसली म्हणजे पिकाचा. पुढं निजामाच्या हैदराबाद राज्यात सगळा कारभार फसलीतच चालू लागला. परभणी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच राज्यात होतं. त्यामुळं आमच्या भागातल्या जुन्या ट्रंकांमध्ये आजही उर्दूतली खरेदीखतं आणि शाळेचे दाखले निघतात आणि त्यांवर आजूर, दै, बहमन, खुर्दाद, अमरदाद अशा महिन्यांची नावं असतात. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. फसली सालात 590 मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो. 1357 फसली म्हणजे 1947-48, पोलीस ॲक्शनचं साल. माझ्या आजोबांची जन्मतारीख अशीच होती, महिना फारसी, साल पिकाचं. नमाज, रोजे हिजरीनं. शेत, शाळा आणि सरकार फसलीनं. त्यात त्यांना कधी ओढाताण वाटली नाही.

परभणीच्या उरुसातही हे दिसतं. उरूस एरवी हिजरी तारखेनं भरतात, पण हजरत तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो, ऋतू सोडत नाही. तोवर कापूस विकलेला असतो, तूर घरात आलेली असते, शेतात हुरडा असतो. गावागावांतून सर्व धर्मांचे लोक येतात आणि पोरं कागदी भिरभिरी घेऊन परत जातात.

कामट्या, ताव आणि खळ

शेवयांसारखी दुसरी हातकला कागदाची. बांबूच्या कामट्या, रंगीत ताव आणि कणकेची शिजवलेली खळ, एवढ्या तीन वस्तूंवर आमच्या गल्लीचं वर्ष चालायचं. संक्रांतीला त्यांचा पतंग व्हायचा, दिवाळीला आकाशकंदील. मोहरम येईल तेव्हा त्याच कामट्यांचा ताबूत उभा राहायचा. मोहरम हा सण नव्हे, तो शोकाचा महिना आहे, हे घरातले मोठे बजावून सांगायचे. तरी ताबुताला कागद चिकटवायला गल्लीतली सगळी पोरं असायची आणि कामट्या तासून द्यायला मुसलमान कारागीर कमी पडले तर हिंदू कारागीर बसायचे. मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांत सवारी आणि पंजे हिंदू घरांनी सांभाळलेत.

कागदाशी मराठवाड्याचं नातं जुनं आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कागजी कुटुंबं चिंध्या भिजवून, कुटून हातकागद करत आली. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी या वस्तीचा संबंध सांगतात. दौलताबादी कागद दप्तरांत नावाजलेला होता. आमच्या हातातला ताव अर्थात गिरणीचा, पण कागद कापायची आणि चिकटवायची हौस या मातीत मुरलेली होती. रमजानच्या शेवटच्या दिवसांत आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची ईदकार्डं करायचो. चंद्र कापायचा, खळ लावायची, वर चमकी टाकायची. मोबाइल आले आणि ती कार्डं गेली.

आणि ज्यांना विकतचा ताव परवडत नव्हता, त्यांच्यासाठी कडबा होता. ज्वारीच्या ताटाची साल आणि आतलं भेंड यांतून चष्मा, बैलगाडी, भिरभिरं काय वाटेल ते निघायचं. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करताना तर कोण कुठल्या घरचं हे मातीच्या हातांवरून कळायचंच नाही.

मजा कुणाची?

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. मजा आमची होती, मनगटं बायकांची दुखायची. पहाटे पीठ कुटायचं, दुपारी माळवदावर भाजून निघायचं आणि रात्री पुन्हा चूल. या कामाची मजुरी नव्हती आणि नोंदही नव्हती. म्हणून गावात विजेवरची शेवयांची मशीन आली, रवा घेऊन जा आणि तासाभरात शेवया आणा असं सुरू झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अम्मीलाच झाला. आज बचत गटांच्या बायका त्याच शेवया करून विकतात आणि पैसे मोजून घेतात. जुनं गेलं म्हणून त्यांच्यासमोर उसासे टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

पण कष्ट गेले म्हणून आठवणही जाऊ द्यायची का? आमचा इतिहास म्हणून जे छापलं जातं, त्यात बादशाह असतात, निजाम असतो, रझाकार असतात, दंगली असतात. पाट नसतो, बाज नसते, दोरीवर वाळणाऱ्या शेवया नसतात. मग मित्राला वाटतं की शेवया अरबस्तानातून आल्या आणि आपल्यातल्याही काही धार्मिक मंडळींना वाटतं की स्थानिक ते सगळं भेसळ. दोघांनाही घरातला तो डबा दाखवायला हवा. ज्या सणाचा चांद हिजरी आहे, त्याचा घास मृगाच्या पावसावर आणि चैत्राच्या उन्हावर पिकलेला आहे. यात आमचं मुसलमान असणं कुठं कमी होत नाही आणि इथलं असणंही.

सुट्टीत एवढं तरी करता येईल. नानी, दादी, शेजारच्या काकू असतील तर त्यांच्यासमोर मूठभर रवा भिजवून ठेवा आणि मुलांना बोटवे शिकवायला सांगा. तासाभरात वाटीभर होतात. त्या करता करता बोलतील, ते लिहून ठेवा: गहू कुठला होता, मशीन कुणाचं होतं, नंबर कसा लागायचा. ट्रंकेतला फसली दाखला निघाला तर त्याचाही फोटो काढून ठेवा.

येत्या काही वर्षांत ईद हिवाळ्यात जाईल. 2033 मध्ये तर एकाच इसवी वर्षात दोन ईद-उल-फित्र येतील, एक जानेवारीच्या सुरुवातीला आणि दुसरी डिसेंबरमध्ये. 2037 च्या आसपास ती पुन्हा दिवाळीला येऊन भिडेल. शेवयांना मात्र तेव्हाही ऊन लागेल आणि ते आदल्या उन्हाळ्यातच साठवावं लागेल.