सौम्य लक्षणे आणि चाचणीचे बोलावणे : अहवाल येईपर्यंत विलगीकरण आवश्यक का?

घसा खवखवतो, नाक वाहते, अंग किंचित दुखते. ताप मात्र नाही. अशा अवस्थेत कोविड चाचणी करून घेण्याची सूचना मिळते. नमुना देणे आणि अहवाल हाती येणे यांच्यामध्ये काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचा काळ जातो. या काळात नेहमीप्रमाणे कामावर जावे, की घरातच इतरांपासून वेगळे राहावे? महासाथीच्या काळात जगभरातील कोट्यवधी लोकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर नियमांत नेहमीच स्पष्ट नव्हते. विषाणूच्या वर्तनासंबंधी झालेल्या अभ्यासांतून मात्र त्याचे बऱ्यापैकी निश्चित उत्तर मिळते.

प्रश्नाचा उगम

हा पेच सर्वाधिक ठळकपणे ब्रिटनमध्ये दिसून आला. मार्च २०२० मध्ये तेथील सरकारने सतत येणारा नवा खोकला किंवा ताप असलेल्या प्रत्येकाने घरीच राहावे, अशी सूचना केली. १८ मे २०२० रोजी वास किंवा चव जाणे हे तिसरे लक्षण या यादीत समाविष्ट झाले. या तिन्हींपैकी एकही लक्षण आढळल्यास विलगीकरणात राहावे आणि चाचणी करून घ्यावी, असा नियम होता. अहवाल येईपर्यंत घरातील इतरांनीही बाहेर पडू नये, असे त्यात सांगितले होते.

याच सुमारास, २४ मार्च २०२० रोजी, लंडनचे किंग्ज कॉलेज आणि झोई ही आरोग्य कंपनी यांनी लक्षणांची नोंद घेणारे एक मोबाईल ॲप सुरू केले. प्राध्यापक टिम स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात लाखो नागरिक आपली प्रकृती रोज नोंदवू लागले. निरोगी असलेल्या सहभागी व्यक्तीने एखादे नवे लक्षण नोंदवले, की तिला चाचणीचे बोलावणे जाऊ लागले. डोकेदुखी, थकवा, घसादुखी अशा सौम्य तक्रारींवरूनही असे बोलावणे येत असे.

पेच निर्माण झाला तो येथेच. सरकारी सूचनेची भाषा तीन लक्षणांपुरती मर्यादित होती. संशोधकांचे बोलावणे त्याहून अधिक लक्षणांवर आधारलेले होते. ज्याला केवळ डोकेदुखी होती, त्याला सरकारी यादी घरी राहण्यास सांगत नव्हती; परंतु चाचणीचे बोलावणे मात्र त्याला कोविड असण्याची शक्यता गृहीत धरूनच आलेले होते.

लक्षणांची यादी का अपुरी पडली

कोणतीही लक्षणसूची ही तडजोड असते. यादी आखूड ठेवली, तर अनेक रुग्ण निसटतात. ती लांबवली, तर साध्या सर्दीचे असंख्य रुग्ण चाचणी केंद्रांवर गर्दी करतात आणि विनाकारण घरी बसतात. चाचण्यांची क्षमता मर्यादित असताना ब्रिटनने आखूड यादी पसंत केली.

याच ॲपवरील नोंदींचा अभ्यास मे २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चाचणीत बाधित आढळलेल्या सहभागींपैकी सुमारे ६५ टक्के व्यक्तींनी वास किंवा चव गेल्याचे नोंदवले होते. बाधित नसलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. या लक्षणाचे महत्त्व त्यातून सिद्ध झाले. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की सुमारे एक तृतीयांश बाधितांमध्ये हे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण नोंदलेच गेले नव्हते.

ओमायक्रॉन प्रकार पसरल्यानंतर चित्र आणखी बदलले. वास जाण्याचे प्रमाण घटले आणि नाक वाहणे, घसा दुखणे या तक्रारी पुढे आल्या. अखेर एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनने आपली अधिकृत यादी वाढवली. धाप लागणे, थकवा, अंगदुखी, डोकेदुखी, घसादुखी, नाक चोंदणे किंवा वाहणे, भूक मंदावणे, जुलाब आणि मळमळ या नऊ लक्षणांची त्यात भर पडली. सर्वसामान्य नागरिकांसाठीची मोफत चाचणी इंग्लंडमध्ये त्याच महिन्याच्या आरंभी बंद झाली होती.

विषाणूचे वेळापत्रक

अहवाल येण्याची वाट न पाहता वेगळे राहावे, या सल्ल्याला सर्वांत मोठा आधार आहे तो संसर्गाच्या कालक्रमाचा. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आणि लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांत इतरांना सर्वाधिक प्रमाणात बाधित करू शकतो. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संसर्ग देणारा आणि घेणारा अशा ७७ जोड्यांचे विश्लेषण करण्यात आले. पुढील व्यक्तींना झालेल्या संसर्गापैकी सुमारे ४४ टक्के संसर्ग पहिल्या व्यक्तीत लक्षणे दिसण्याआधीच झाला असावा, असा अंदाज त्यातून निघाला.

ब्रिटनमधील ३६ तरुण स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातूनही हेच दिसले. या स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे अत्यल्प प्रमाण जाणीवपूर्वक सोडण्यात आले होते. त्यांपैकी १८ जणांना संसर्ग झाला. साधारण दोन दिवसांत विषाणू आढळू लागला आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याचे प्रमाण शिगेला पोहोचले. संसर्ग झालेल्यांपैकी कोणाचाही आजार गंभीर झाला नाही. तरीही त्यांच्या नाकातील विषाणूचे प्रमाण मोठे होते.

लक्षणे सौम्य आहेत याचा अर्थ संसर्गक्षमता कमी आहे, असा होत नाही. चाचणीच्या प्रतीक्षेतील दोन दिवस हे बहुधा सर्वाधिक धोक्याचेच दिवस असतात. अहवाल आल्यानंतर सुरू केलेले विलगीकरण त्यामुळे पुष्कळदा उशिरा पडते.

‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ

चाचणीचा अहवाल नकारात्मक आला, की शंका संपली, असे समजणेही योग्य नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये आधीच्या सात अभ्यासांतील १,३३० नमुन्यांचे विश्लेषण केले. लक्षणे सुरू झाली त्या दिवशी घेतलेल्या आरटी-पीसीआर चाचणीत बाधित व्यक्तीचा अहवाल चुकीने नकारात्मक येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के होती. लक्षणांनंतर तिसऱ्या दिवशी ती सुमारे २० टक्क्यांपर्यंत उतरली.

रॅपिड अँटिजेन चाचणी त्वरित निकाल देते. परंतु विषाणूचे प्रमाण कमी असताना ती संसर्ग हेरण्यात कमी पडते. त्यामुळे लक्षणे असूनही अहवाल नकारात्मक आल्यास पुन्हा चाचणी करणे आणि तोवर काळजी घेणे, हा सर्वमान्य सल्ला ठरला.

भारतातील नियम काय होते

ब्रिटनमध्ये अस्पष्ट राहिलेल्या या मुद्द्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तुलनेने स्पष्ट भूमिका घेतली. जून २०२० मध्ये रॅपिड अँटिजेन चाचणीस मान्यता देताना, लक्षणे असलेल्या व्यक्तीचा अहवाल नकारात्मक आल्यास आरटी-पीसीआर चाचणी करावी, असे परिषदेने सांगितले. ४ सप्टेंबर २०२० च्या सूचनेद्वारे मागणीनुसार चाचणीची मुभा देण्यात आली.

मे २०२१ मध्ये पुण्यातील मायलॅब कंपनीच्या घरगुती चाचणी संचास मंजुरी मिळाली. त्या वेळच्या परिषदेच्या सूचनापत्रात या लेखातील प्रश्नाचे थेट उत्तर आहे. घरगुती चाचणीत बाधित आढळणारी व्यक्ती बाधितच मानावी, पुन्हा चाचणीची गरज नाही; लक्षणे असूनही अहवाल नकारात्मक आल्यास त्या व्यक्तीने त्वरित आरटी-पीसीआर चाचणी करावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत संशयित रुग्ण म्हणून गृह विलगीकरणाचे नियम पाळावेत, असे त्यात म्हटले होते.

१० जानेवारी २०२२ रोजी, तिसऱ्या लाटेत, चाचणीचे निकष बदलले. खोकला, ताप, घसादुखी, वास किंवा चव जाणे, धाप लागणे अशी लक्षणे असलेल्यांची चाचणी करावी. बाधितांच्या संपर्कात आलेल्यांपैकी ज्येष्ठ वा सहव्याधी असलेल्यांखेरीज इतरांची, लक्षणे नसल्यास, चाचणी आवश्यक नाही, असे ठरले. घसादुखीसारखे सौम्य लक्षण भारताच्या यादीत होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

गृह विलगीकरणाचा कालावधीही बदलत गेला. २०२० व २०२१ मधील सूचनांनुसार लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नसणे, ही अट होती. ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांनी हा कालावधी चाचणीत बाधित आढळल्यापासून किमान सात दिवसांवर आणला. सलग तीन दिवस ताप नसण्याची अट कायम राहिली. विलगीकरण संपवण्यासाठी पुन्हा चाचणी आवश्यक नव्हती.

घर, मजुरी आणि विलगीकरण

वेगळे राहण्याचा सल्ला देणे सोपे आहे; तो पाळण्यासाठी घरात वेगळी खोली आणि खिशात चार पैसे असावे लागतात. केंद्र सरकारच्या गृह विलगीकरणाच्या सूचनांमध्ये रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या वेगळ्या राहण्याची सोय घरात असणे ही पूर्वअट होती. मुंबईतील धारावीत ती पूर्ण होणे बहुतेकांना अशक्य होते. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत लाखो लोक दाटीवाटीने राहतात आणि असंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालये वापरतात. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळल्यानंतर महापालिकेने ताप तपासणी शिबिरे घेतली आणि संशयितांना शाळा, सभागृहे व क्रीडा संकुलांतील संस्थात्मक विलगीकरणात हलवले. रुग्ण येण्याची वाट न पाहता त्याच्यापर्यंत पोहोचण्याची ही पद्धत होती.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. आरोग्य पथके घरोघरी जाऊन शरीराचे तापमान आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी मोजत आणि संशयितांना पुढील तपासणीसाठी पाठवत. चाचणीचे बोलावणे येथे मोबाईलवर नव्हे, तर थेट उंबरठ्यावर आले. २५ मे २०२१ रोजी राज्याने अधिक संसर्ग असलेल्या १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केअर सेंटरमध्ये पाठवण्याची भूमिका जाहीर केली. घरातील विलगीकरण प्रत्यक्षात पाळले जात नाही, ही चिंता त्यामागे होती.

ही चिंता केवळ भारताची नव्हती. ब्रिटनमध्ये घेतलेल्या ३७ सर्वेक्षणांचा निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लक्षणे असलेल्यांपैकी केवळ ४२.५ टक्के लोकांनी पूर्ण विलगीकरण पाळल्याचे सांगितले. तीन प्रमुख लक्षणे ओळखता येणाऱ्यांचे प्रमाणही जेमतेम ५१.५ टक्के होते. घरात लहान मूल असलेले, आर्थिक ओढगस्तीत असलेले आणि अत्यावश्यक सेवांत काम करणारे यांच्यात पालनाचे प्रमाण कमी होते. इंग्लंडमध्ये २८ सप्टेंबर २०२० पासून बाधितांना विलगीकरण कायद्याने बंधनकारक झाले. उल्लंघनासाठी एक हजार पौंडांपासून दंड होता आणि कमी उत्पन्न असलेल्यांना पाचशे पौंडांचे साहाय्य होते. हे कायदेशीर बंधन २४ फेब्रुवारी २०२२ रोजी संपुष्टात आले.

भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांना आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळू शकतो. रोजंदारीवरील मजूर, घरकामगार, फेरीवाले यांना असे छत्र नाही. अहवालाची वाट पाहत घरी काढलेले दोन दिवस त्यांच्यासाठी दोन दिवसांची बुडालेली मजुरी असते. सौम्य लक्षणे लपवण्याकडे कल होतो तो याच कारणाने. त्याला केवळ बेफिकिरी म्हणता येत नाही.

सध्या काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १ मार्च २०२४ रोजी बाधितांसाठीचा पाच दिवसांच्या विलगीकरणाचा सल्ला मागे घेतला. लक्षणे कमी होऊ लागेपर्यंत आणि औषध न घेता २४ तास ताप नसेपर्यंत घरी राहावे आणि त्यानंतर पाच दिवस मास्क, खेळती हवा व अंतर यांची काळजी घ्यावी, असा नवा सल्ला आहे. इन्फ्लूएन्झासारख्या अन्य श्वसनविकारांनाही तो लागू आहे.

सक्ती संपली असली, तरी त्यामागील तर्क कायम आहे. सौम्य लक्षणांमुळे चाचणीची सूचना मिळाल्यास पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

– चाचणीची सूचना म्हणजे आजाराचे निदान नव्हे. मात्र शंका घेण्यास आधार आहे, एवढे त्यातून निश्चित होते. अहवाल येईपर्यंत शक्य तितके घरी राहावे.

– नमुना देण्यासाठी बाहेर पडणे अपरिहार्य असल्यास मास्क वापरावा, गर्दीचे वाहन टाळावे आणि वाटेतील इतर कामे पुढे ढकलावीत.

– वेगळी खोली नसल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घरात सर्वांनी मास्क वापरावा, झोपण्याची आणि जेवणाची जागा वेगळी ठेवावी. ज्येष्ठ, गर्भवती आणि मधुमेह, हृदयविकार वा कर्करोगाचे रुग्ण यांच्यापासून दूर राहण्यास प्राधान्य द्यावे.

– ताप उतरवणारे औषध घेतल्यानंतर तापमान सामान्य दिसणे ही ताप गेल्याची खूण नव्हे.

– अहवाल नकारात्मक येऊनही लक्षणे वाढत असल्यास पुन्हा चाचणी करावी व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

– तीन दिवसांहून अधिक काळ १०० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, धाप लागणे, छातीत सतत वेदना किंवा दाब, मानसिक गोंधळ, तासाभरातील किमान तीन नोंदींत ऑक्सिजनची पातळी ९३ टक्के किंवा त्याहून कमी असणे, यांपैकी काहीही आढळल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अहवाल नकारात्मक आला, तर वेगळे राहण्याची किंमत दोन दिवसांची गैरसोय किंवा मजुरी एवढी असते. तो सकारात्मक आला आणि मधल्या काळात काळजी घेतली गेली नसेल, तर त्याची किंमत बहुधा दुसऱ्या कोणाला, घरातील वृद्धाला वा शेजारच्या रुग्णाला, मोजावी लागते. अहवाल येईपर्यंत वेगळे राहावे, या सल्ल्याचे सार या हिशेबात आहे. हा हिशेब रोजंदारीवरील माणसालाही परवडावा, यासाठी भरपगारी रजा आणि विलगीकरणाच्या सार्वजनिक सोयी यांची गरज महासाथीने दाखवून दिली.