दिनविशेष : ६ डिसेंबर
साखीरमध्ये जेहान दारूवालाची मोहोर

६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमधील साखीर येथे मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली. कार्लिन संघाच्या गाडीत बसलेल्या जेहानने मिक शूमाखर आणि डॅन टिकटम यांना मागे टाकले. युकी त्सुनोदा दुसरा, टिकटम तिसरा आला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा जेहान हा पहिला भारतीय ठरला.

मोसमाचे विजेतेपद त्याच दिवशी शूमाखरने पटकावले आणि बातम्यांचे मथळे तिकडे गेले, हे ओघानेच आले. तरी आपल्या दृष्टीने जेहानचा विजय मोठा. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली भारतीय चालक जिंकू शकतो, हे त्याने दाखवून दिले. पुढची पायरी मात्र वेगापेक्षा पैशावर आणि संघातल्या मोकळ्या जागेवर जास्त अवलंबून असते. जेहान फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. तो नंतर विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईकडे वळला. अशीच वेगळी वाट धरून बंगळुरूचा चालक अर्जुन मैनी २०२१ मध्ये जर्मनीच्या डीटीएम या नामांकित टूरिंग कार मालिकेत उतरला, तोही पहिलाच भारतीय. बंद छताच्या गाड्यांमधली ही कारकीर्द आपल्याकडे उगीचच दुय्यम मानली जाते.

अशा शर्यतींची स्वप्ने पाहणाऱ्या मीरा रोड-भाईंदरच्या मुलाला हौसेपुरते कार्टिंग मुंबई परिसरात करता येते. खऱ्या सर्किटसाठी त्याला आजही चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाची वाट धरावी लागते.