पानी तांबरा झाला का

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत खारघरच्या घरात बसून तो फोटो पाहिला आणि मला एकदम आजी आठवली.

तिचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. "पानी तांबरा झाला का मीठ आलाच समज, बाला," असं ती सांगायची. आम्हा पोरांना ती तिची एक गोष्टच वाटायची. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं लोणारचं कारण सांगितलं: पाणी आटून खारटपणा वाढला, आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचाच तो रंग. मिठागरातही तसंच होतं. हे सांगायला मी धावत जावं, तर आजी कधीच गेलेली.

उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यातून फिरवत उन्हात आटवायचं. शेवटच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट केलेली, वर चार बोटं पाणी. मीठ पडलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मीठ पावसाळ्यात पाझरतं. तिच्या बापाच्या पायांना भेगा, भेगांत मीठ. तो जेवायला बसला की भातावर मीठ मागत नसे, एवढं तिच्या नीट लक्षात होतं. बाकीचं थोडं सरमिसळ. चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा गोळीबार जंगल सत्याग्रहातला, पण तिच्या तोंडी तो मिठासाठीच झालेला. मी कधी दुरुस्त केलं नाही. मिठावरही कर होताच, आणि तिच्या घरात रोज बोलणं व्हायचं ते मिठाचं.

मीठ देऊन भात आणायचे, असंही ती सांगे. लडाखात साडेचार हजार मीटर उंचीवर त्सो कर नावाचं खारं सरोवर आहे. तिथले चांगपा मेंढपाळ काठावरचं मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून नेत आणि बदल्यात सातू आणत. हे वाचलं तेव्हा ती माणसं मला आजीच्या माहेरचीच वाटली. ते सरोवरही पूर्वी कितीतरी मोठं होतं. आटत आटत मागे सरकलं, आणि जुन्या काठांच्या रेघा आजूबाजूच्या उतारांवर अजून दिसतात.

खारघरात अशी रेघ शोधायची कुठे? गावाच्या नावातच खार. बांधाआड खाऱ्या जमिनीत राता भात व्हायचा. त्याची तांबूस भाकरी, वर भाजलेली सुकट आणि खारातली कैरी, आजी हे वाढायची तेव्हा कुणी काही बोलत नसे. १९७० साली सिडको आली, खाजणांवर भराव पडले, इमारती उठल्या. उरणच्या बाजूला १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. एकदा आजीला तिकडे नेलं, तर कंटेनरांच्या रांगांकडे बघत तिनं विचारलं, "आपला आगर खय रं?" मला दाखवता आलं नाही.

कैऱ्यांसाठी मी अजून पनवेलच्या बाजारातून जाडं मीठ आणतो आणि तिच्याच चिनी मातीच्या बरणीत भरतो. यंदा आषाढात बरणीच्या तळाशी पाणी साचलंय. कुणीतरी कडू पाणी नीट सोडलं नसावं.