हलकी बंदूक आणि न्यू इंग्लंडचं रान

बंदूक किती हलकी असावी? बर्मिंगहॅमचे बंदूक-कारखानदार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी एकोणिसाव्या शतकात हिशेब घालून दिला: छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट. म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम छर्‍यांना, पावणेतीन किलोंची बंदूक. त्याहून हलकी घेतली, की दणका आपल्या खांद्याला.

आता अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडला चला. त्याच शतकात तिथले शेतकरी जमिनी सोडून पश्चिमेला, शहरांकडे गेले. दगडी बांधांच्या आत कोवळं रान माजलं आणि त्यात रफ्ड ग्राउज वाढला. कोंबडीच्या जातकुळीतला हा पक्षी पायाशी येईपर्यंत गप्प बसतो, मग भर्रकन उडून झाडांआड जातो. शिकारी बंदूक दिवसभर वाहणार, नेम मात्र क्षणभरात धरणार. म्हणून हलकी बंदूक हवी. पण फार हलकी बंदूक जशी चटकन उचलली जाते, तशी चटकन थांबतेही. मग छर्रे पक्ष्याच्या मागून जातात.

याच सरावासाठी १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस, विल्यम हार्न्डन फॉस्टर वगैरे मंडळींनी उडत्या चकत्या टिपण्याचा खेळ बसवला. तोच स्कीट, १९६८ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे.

आणि ग्राउज? पडीक शेतातलं ते रान पुढे मोठं झालं, झाडं जून झाली, तसा पक्षी घटला. शिकारी बंदुकीचं वजन मोजत होते. झाडांचं वय मोजायचं राहून गेलं.