कार्यव्याप्ती, बांधकामाची
बांधकामाच्या करारात कोणते काम, कोणत्या मापाचे, कोणत्या सामग्रीने व किती मुदतीत करावयाचे हे निश्चित करणारे लेखी वर्णन म्हणजे कार्यव्याप्ती. आराखडे, विनिर्देश व परिमाणपत्रक ही तिची आधुनिक अंगे होत. करारात ज्याचा उल्लेख नाही, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र प्राचीन आहे.

पायरिअस या अथेन्सच्या बंदरातील नौसाहित्याच्या कोठाराचे विनिर्देश संगमरवरी शिळेवर कोरलेले असून ती शिळा १८८२ मध्ये सापडली. हा लेख इ. स. पू. ३४७–३४६ च्या सुमाराचा आहे. यूथिडोमस व फायलो यांनी योजिलेल्या या इमारतीची लांबी ४०० व भिंतींसह रुंदी ५५ ग्रीक फूट ठरविली होती. आत प्रत्येक बाजूस ३५ खांब व मधून लोकांना जाण्यासाठी वाट होती. दारे, खिडक्या व छपराची लाकडे यांचीही मापे दिलेली आहेत. सर्वच तपशील मात्र लेखात बांधलेले नाहीत. वायुवीजनासाठी भिंतींच्या सांध्यांत फटी ठेवावयाच्या होत्या. त्यांच्या जागा वास्तुशिल्पज्ञाने सांगावयाच्या होत्या. ठेकेदारांनी विनिर्देश, मापे व वास्तुशिल्पज्ञ दाखवील तो नमुना यांनुसार काम करावे, असेही बंधन होते. ही इमारत इ. स. पू. ८६ मध्ये सलाच्या रोमन सैन्याने नष्ट केली.

इटलीतील प्यूटिओली येथील इ. स. पू. १०५ च्या कोरीव लेखात सिरेपिस-मंदिरासमोरील भिंतीचा करार आहे. त्यात मोबदल्याचा निम्मा भाग तारण दिल्यावर आणि उरलेला काम पूर्ण होऊन पसंत पडल्यावर द्यावयाचा होता. पसंतीचा निर्णय नगराधिकाऱ्यांनी किमान वीस सभासदांच्या उपस्थितीत घ्यावयाचा होता. अशा रीतीने कार्यव्याप्तीचे वर्णन हेच कामाच्या परीक्षेचे व देयकाचे प्रमाण ठरले.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील निविदांच्या नमुन्यांतही हा जुना प्रश्न दिसतो. ‘बी-१’ नमुन्यात परिमाणे व दर खाते देते आणि ठेकेदार कमीअधिक टक्केवारी कळवितो. ‘बी-२’ मध्ये तो बाबवार दर भरतो. या दोहोंत प्रत्यक्ष मोजमापानुसार पैसे मिळतात. ठोक रकमेच्या करारात मात्र वर्णिलेल्या कामाची परिमाणे वाढल्यास त्याची झळ सामान्यतः ठेकेदारास लागते. म्हणून वर्णन जितके संदिग्ध, तितका वादास वाव अधिक.