बंब का गुणगुणतो, बॉयलर का थरथरतो?

थंडीतली पहाट आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटलेला आहे. जाळीवर उसाची वाळलेली चिपाडे, तुरकाट्या, एखादी गोवरी. धूर मधल्या नळ्यातून वर जातो आणि थोड्या वेळाने बंबातून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागते. सातारा-सांगलीकडच्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. पाणी तापत आल्याची ती खूण असे. हात घालून पाहावे लागत नसे.

या आवाजाची आठवण आम्हांला एका वेगळ्याच निमित्ताने झाली. मूळचे सांगलीचे असलेले आमचे एक आप्त इंग्लंडमध्ये राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसवर चालणारी एक पेटी आहे. खोल्या उबदार ठेवणे आणि नळाला गरम पाणी देणे अशी दोन्ही कामे ती करते, म्हणून तिला तिकडे ‘कॉम्बी बॉयलर’ म्हणतात. ही पेटी एका हिवाळ्यात गुरगुरू लागली, भिंतीसकट थरथरू लागली. “हे फुटणार तर नाही ना?” असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधताना आम्ही बंबापासूनच सुरुवात केली, आणि तेच बरे झाले.

बंब हा बॉयलर आहे का?

रचनेने पाहिले तर आहे. बाहेर पाण्याचे नळकांडे, मधोमध धुराचा नळा, खाली जाळी आणि राखेची जागा. आगीच्या भोवती पाणी ठेवण्याची ही युक्ती वाफेच्या यंत्रांच्या इतिहासातही आढळते. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८१२ च्या सुमारास कॉर्नवॉलच्या खाणींसाठी जो बॉयलर केला, त्यात लांब नळकांड्यातून एक मोठा नळा आरपार जात असे. विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये एकाऐवजी दोन नळे घातले. तो लँकेशायर बॉयलर. कापडगिरण्यांत त्याने अनेक दशके काम केले. बंब म्हणजे उभा केलेला, एका नळ्याचा, छोटा आणि अतिशय गरीब स्वभावाचा बॉयलरच.

गरीब अशासाठी की तो वरून मोकळा असतो. काही बंबांत नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. पाणी ओतायची वाट मोकळी असल्याने वाफ कोंडत नाही, दाब वाढत नाही.

कोंडलेल्या वाफेची गोष्ट निराळी. १८६३ मध्ये कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. पुढे देशभरासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला, आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्यातली व्याख्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावी: दाबाखाली वाफ तयार करण्यासाठी वापरलेले, २२.७५ लिटरपेक्षा (म्हणजे ५ गॅलनपेक्षा) जास्त क्षमतेचे बंद भांडे. बंबात २५-३० लिटर पाणी मावले तरी तो या व्याख्येत बसत नाही, कारण तो ना बंद, ना वाफ करण्यासाठी. इंग्लंडमधली ती पेटीही खरे तर वाफ करीत नाही. पाणी तापवते एवढेच. तिच्यात दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारी सुरक्षा-झडप असते. आप्तांच्या भीतीला पहिले उत्तर येथेच मिळाले.

गुणगुणण्याचे कारण

आधणाचे पाणी उकळायच्या आधी जास्त आवाज करते आणि खळाखळा उकळू लागले की आवाज उलट मऊ होतो. वर्गात हे विचारून पाहा. रोज ऐकूनही बहुतेकांनी लक्ष दिलेले नसते. सुप्त उष्णतेची कल्पना मांडणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकातच आपल्या व्याख्यानांत याचा उलगडा केला होता. तळाच्या तापलेल्या धातूला लागून वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरचे पाणी अजून गार असते. त्यात शिरताच बुडबुड्यातली वाफ पुन्हा पाणी होते, बुडबुडा एकदम मिटतो आणि भोवतालचे पाणी त्या पोकळीत आदळते. अशा हजारो बारीक टाळ्यांची मिळून गुणगुण होते. सगळे पाणी उकळीला आले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत जातात, म्हणून आवाज बदलतो.

हा विषय तेथेच संपला नाही. १८९० च्या दशकात वेगवान जहाजांचे पंखे पाण्यात पोकळ्या निर्माण करतात आणि वेग वाया जातो, असे दिसून आले. पुढे पंख्यांचा धातूच कुरतडला जाऊ लागला. १९१७ मध्ये लॉर्ड रॅली यांनी मिटणाऱ्या पोकळीचे गणित मांडले आणि तिच्या केंद्राजवळ प्रचंड दाब निर्माण होतो हे दाखवले. गंमत अशी, की या गणिताकडे ते जहाजापासून नव्हे, तर किटलीपासून वळले. उकळी येताना किटली जो आवाज करते, त्याचे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी केलेले वर्णन वाचून त्यांना हा प्रश्न सुचला, असे त्यांनीच त्या निबंधात नमूद केले आहे.

हेच गणित आपल्या जिल्ह्यांच्याही कामाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगरांपाठोपाठ तेथे पंप होऊ लागले. पंपाच्या चोषण-बाजूला दाब फार कमी झाला तर पाणी न तापताच त्यात वाफेच्या पोकळ्या होतात आणि पंख्यावर जाऊन मिटतात. विहिरीची पातळी खाली गेली की पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. खडे नसतात, बंबातल्यासारखेच बुडबुडे असतात.

थोडा हिशेब

आता बंब आणि कॉम्बी बॉयलर शेजारी ठेवू. २५ लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत ४० मिनिटांत तापले असे धरा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे एकूण ४२०० किलोज्यूल, २४०० सेकंदांत. बंबातल्या पाण्याला मिळणारी शक्ती झाली सुमारे पावणेदोन किलोवॅट.

कॉम्बी बॉयलरमध्ये साठवण नाही. नळ उघडला की १० अंशांचे पाणी मिनिटाला १० लिटर या वेगाने शिरते आणि ४५ अंशांचे होऊन बाहेर पडायला हवे. येथे मिनिटाला १४७० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस किलोवॅट लागतात. ही शक्ती बंबाच्या चौदापट झाली, आणि पेटी मात्र भिंतीवरच्या कपाटाएवढी.

पेटीच्या आत काय चालते? पंख्याने ओढलेली हवा आणि गॅस मिसळून जळतात. त्यांची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याला मिळते. हे पाणी बंद फेऱ्यात असते. एक पंप ते खोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरवत राहतो. नळ उघडताच एक तीनतोंडी झडप फिरते आणि हे गरम पाणी रेडिएटरांकडे न जाता पातळ पत्र्यांच्या एका जुडग्यात जाते. पत्र्याच्या एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने नळाचे गार पाणी. दोन्ही पाणी मिसळत नाहीत, उष्णता तेवढी पलीकडे जाते. नव्या पेट्यांत धुरातली वाफही सुमारे ५५ अंशांखाली आणून थिजवतात आणि तिची सुप्त उष्णता वसूल करतात. ब्लॅक यांचा शोध तेथेही कामाला लावलेला आहे.

पांढरा थर

बंब खरवडताना निघणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिला आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका धातूवर बसतो. पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम असा अस्थायी जडपणा असेल आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर त्याचा दहावा भाग जरी चिकटला तरी वर्षात ७०० ग्रॅम थर जमेल.

तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे. हा थर त्याच्या मानाने दोनशेपट तरी मंद आहे. म्हणजे एक मिलिमीटर थर हा सुमारे २० सेंटिमीटर जाड तांब्याइतका अडथळा करतो. बंबाच्या नळ्याचा व्यास १२ सेंटिमीटर आणि उंची ४५ सेंटिमीटर धरली, तर त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे १० किलोवॅट उष्णता जाते. एवढी उष्णता ढकलायला एक मिलिमीटर थराच्या दोन बाजूंत ५ अंशांचा फरक पुरतो. भिंतीवरच्या पेटीत हेच प्रमाण चौरस मीटरला १०० किलोवॅट मानले, तर तोच थर ५० अंश मागतो.

फिरणारे पाणी ६५ अंशांना आहे आणि धातूलगतच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात आणखी २० अंश खर्च होतात असे धरा. थर नसेल तर धातू ८५ अंशांवर राहील. थर असेल तर तो १३५ वर जाईल. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणजे थराच्या भेगांतून झिरपून धातूपर्यंत गेलेले पाणी तेथे उकळणार, वाफ उसळून बाहेर पडणार आणि ६५ अंशांच्या प्रवाहात पुन्हा मिटणार. बंबाची गुणगुण येथे गुरगुर होते आणि पत्र्याची पेटी, नळ व भिंत तिच्याबरोबर थरथरतात.

बंद फेऱ्यात पाणी तेच ते असेल तर क्षारही मर्यादितच असतात. पण कुठे बारीक गळती असेल आणि पुन्हा पुन्हा नवे पाणी भरले जात असेल, तर दर वेळी नवे क्षार आत येतात. रेडिएटरांचा लोखंडी गंजही गाळ होऊन साठतो. आमच्या आप्तांकडे नेमके हेच निघाले. गळती बंद केली, गाळ धुऊन काढला आणि पेटी शांत झाली.

थरथरण्याची इतर कारणे

प्रत्येक थरथर क्षारांची नसते. फेऱ्यात हवा राहिली तर पंप खडखडतो. पंख्याचा तोल गेला तर एकसुरी घरघर येते. नळ झटकन बंद केला तर ‘ठक्’ असा धक्का बसतो: सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी थांबले तर दाब क्षणभर दहा-बारा वातावरणांइतका वाढू शकतो. निकोलाय जुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये याचा नियम मांडला. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात बोगद्याच्या शेवटी जी उल्लोळ विहीर आहे, ती असाच धक्का पोटात घेण्यासाठी.

चौथे कारण ज्योत. गॅस आणि हवेचे प्रमाण बिघडले की ज्योत गाऊ लागते. हायड्रोजनच्या ज्योतीवर नळी धरली की ती गाते, हे ब्रायन हिगिन्स यांनी १७७७ मध्ये पाहिले होते. १८५९ मध्ये पीटर राइके यांनी उभ्या नळीत तापलेली जाळी ठेवून सूर काढला. हवा दाबली जात असतानाच तिला उष्णता मिळाली तर कंपन वाढत जाते, हे १८७८ मध्ये रॅली यांनीच स्पष्ट केले. झोक्याला योग्य क्षणी धक्का देण्यासारखेच हे आहे.

हा प्रयोग शाळेत करता येतो. एक मीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद लोखंडी नळी घ्या. खालच्या टोकापासून २५ सेंटिमीटरवर तारेची जाळी घट्ट बसवा. नळी स्टँडला उभी बांधून जाळी खालून बर्नरने लाल होईपर्यंत तापवा आणि बर्नर काढून घ्या. नळी काही सेकंद मोठ्याने गाते. आडवी केली की गप्प होते. का, ते विद्यार्थ्यांना सांगू द्या. नळीला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

न होणारा आवाज

शेवटी एक गोष्ट आवर्जून. आपल्याकडे बंबाची जागा आता अनेक घरांत गॅस गिझरने घेतली आहे. लंडनचे बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवरचा पहिला गिझर केला, त्याला धुराची वाटच नव्हती. आपल्या न्हाणीघरांतही पुष्कळदा तीच चूक होते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणाऱ्या गिझरला तासाला सुमारे एक किलो गॅस लागतो आणि तो जळायला १२ घनमीटर हवा. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच न्हाणीघरात हवा असते साडेपाच घनमीटर. ती संपायच्या पुष्कळ आधी ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि कोणताही आवाज नाही.

बंब गुणगुणला, पेटी थरथरली तर निदान कळते तरी. म्हणून हा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना घरी जाऊन तीन गोष्टी पाहून यायला सांगावे: गिझर न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर, धूर बाहेर जायला नळी आहे का, आणि हवा आत यायला झरोका उघडा आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘थंडी वाजते म्हणून बंद केला’ असे आले, तर त्याच दिवशी पालकांना निरोप धाडावा.