चांदीचा उजाळा : काळ्या थराचा घरगुती इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन)

‘उजाळा’ हा शब्द आपण आजकाल आठवणींसाठी वापरतो. सोनाराच्या पेढीवर मात्र त्याचा अर्थ अजून रोकडा आहे : काळवंडलेला डाग द्यायचा आणि पांढराशुभ्र करून परत घ्यायचा. हेच काम दिवाळीच्या आणि गणपतीच्या आधी घरोघरी बायकांनी केलं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला ओळभरही जागा नाही, म्हणून आज त्याविषयी बोलायचं आहे.

आधी चांदी काळी का पडते ते बघू. लोखंड गंजतं ते प्राणवायूमुळे. चांदीचं तसं नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत गंधकयुक्त वायू अगदी किंचित असला तरी पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. अंड्यात गंधक असतं, म्हणून चांदीचा चमचा अंड्याला लागला की लगेच काळा होतो. दगडी कोळशाच्या धुरातही गंधक असतं. तेव्हा गिरणगाव असलेल्या शहरात चांदी लवकर काळवंडणार, हे ओघानंच आलं.

आता मुद्दा असा, की तो काळा थर ही बाहेरून बसलेली घाण नव्हे. त्यातला मोठा भाग तुमचीच चांदी आहे. घासून थर काढला म्हणजे चांदीच काढली.

हे आपल्या आजीपणजीला रसायनशास्त्रातून नाही, तराजूतून ठाऊक होतं. १८३५ साली कंपनी सरकारनं जो एकसारखा रुपया पाडला तो १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यामुळे रुपया हेच वजन झालं. ‘पन्नास भाराचे तोडे’ म्हणायचं ते पन्नास रुपयांच्या वजनाचे. पायातले वाळे, तोडे, कमरेची साखळी ही शेतकरी घरातल्या बाईची बँक होती, आणि घासण्यात जे जाई ते या बँकेतून जाई. असे डाग रिठ्याच्या पाण्यात भिजवून नुसते चोळून धुवायची रीत होती. रिठा फेस करतो, मळ आणि तेलकटपणा काढतो, धातू खरवडत नाही. काळेपणा त्यानं पूर्ण जात नाही, पण वजनही जात नाही. ही काटकसर जाणूनबुजून केलेली होती असं माझं मत आहे.

ही बँक मोडायची वेळ १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आली. सोलापूर, सातारा, अहमदनगर हा सगळा पट्टा होरपळला आणि मुंबईच्या टाकसाळीत दागिन्यांची चांदी वितळायला येऊ लागली. तेव्हा निदान टाकसाळ सर्वांना खुली होती. चांदी नेली की घडणावळ कापून रुपये मिळत. १८९३ साली सरकारनं ते दार बंद केलं. रुपयाची किंमत वर राहिली, चांदीची घसरत गेली. पुढे १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले तेव्हा रुपयाच्या वजनाच्या तोड्याला रुपया येईना. चांदी तीच, वजनही तेच. अशा बाईनं तोडे राखेनं घासले नाहीत याचं आश्चर्य कशाला वाटावं?

देवघरातल्या भांड्यांची गोष्ट वेगळी. निरांजन, ताम्हन, पंचपात्री झळझळीतच हवी. तिथे चुलीची राख चाले, रांगोळी चाले, पुढे दंतमंजन आलं. या सगळ्यांचं तत्त्व एकच : बारीक पूड धातूवर फिरवून वरचा थर खरवडणं. प्रश्न पुडीच्या कठीणपणाचा. चांदी मऊ धातू, खडूच्याच आसपास. राखेत वाळूचे कण असतात, आणि ते चांदीपेक्षा कितीतरी कठीण. रांगोळी मऊ दगडाची असेल तर ठीक, गारगोटीची असेल तर चरे पडणारच. नातीच्या हातात येणाऱ्या भांड्यावर पणजीचं कोरलेलं नाव निम्मं पुसलेलं असतं, ते असल्या घासण्यानंच.

चिंच मात्र पितळ-तांब्याची. चांदीच्या सल्फाइडवर चिंचेचा फारसा परिणाम होत नाही. पण सोनार चिंच वापरत, तीही हुशारीनं. चांदीत मिसळलेलं तांबं तापवल्यावर पृष्ठभागावर काळं पडतं, ते आंबट पाण्यात उकळून काढलं की वर जवळजवळ शुद्ध चांदीचं पांढरं कातडं उरतं. घरी आणून ते कातडंच घासून टाकलं, की लोक म्हणणार, सोनारानं फसवलं!

विलायतेतही हेच रडगाणं होतं. १७४० च्या दशकात थॉमस बोलसोव्हरनं शेफिल्डमध्ये तांब्यावर चांदीचा पत्रा जोडण्याची युक्ती काढली; १८४० साली एल्किंग्टननं विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. या भांड्यांवर चांदी नावापुरती, त्यामुळे नोकरानं चार वर्षं मन लावून घासलं की खालचा तांबूसपणा दिसू लागे. तिकडे पारा घातलेल्या पावडरीही विकल्या जात. क्षणात चकाकी, आणि आतून चांदी खाल्लेली. गृहव्यवस्थेची पुस्तकं त्यापासून सावध करीत. आपल्याकडे दुपारी दारावर ‘दागिने उजळून देतो’ म्हणत येणारा भामटा याच घराण्यातला. त्याच्या वाटीत अम्लराज असतो. बांगडी चकचकीत होऊन परत मिळते, अन् दोन-चार ग्रॅम सोनं वाटीतच राहतं.

थर न खरवडता चांदी परत मिळवायची सोय अगदी अलीकडची, कारण तिला अ‍ॅल्युमिनियम लागतं. हा धातू स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली अमेरिकेत हॉलला आणि फ्रान्समध्ये एरूला, स्वतंत्रपणे सापडली. आपल्याकडे मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. म्हणजे गरिबाघरचं भांडं समजलं जाणारं पातेलं चांदीच्या कामी आलं! पातेल्यात कढत पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा, थोडं मीठ. चांदी तळाला टेकेल अशी ठेवायची. ती टेकलीच पाहिजे, कारण ही छोटीशी विद्युतघटमालाच आहे. अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतं, गंधक चांदीला सोडतो आणि थरातली चांदी तिथल्या तिथे पुन्हा धातू होते. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर गंधक निघतोय असं समजा. खिडकी उघडी ठेवा.

तरी सरसकट करू नका. हुपरीच्या कारागिरांच्या नक्षीकामात खोलगट जागा मुद्दाम काळ्या ठेवलेल्या असतात. सोड्याचं पाणी तेही पुसून टाकतं आणि दागिना सपाट दिसू लागतो. खडे, मोती, लाख भरलेले पोकळ डाग पाण्यात घालायचेच नाहीत. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच, ते तांबं, जस्त नि निकेल. त्याला हा खटाटोप निरुपयोगी. आणि पणजीचं नाव कोरलेली पळी असेल तर आधी मऊ कापडानं पुसून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.